डब्यात उरलेलं

"हात दाखव बघू. कोणी केलंय हे?"

वडील गवंडी होते. संध्याकाळी नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे, तरी नखांच्या कडेला सिमेंट राहायचंच. ताटावर बसले, पहिला घास तोंडात गेला, की भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असा हा आवाज यायचा. ती मोरीतून, अंगणातून, असेल तिथून धावत यायची. ते तिचा हात उलटसुलट करून बघायचे, नाकाशी न्यायचे आणि चोर पकडल्यासारखे म्हणायचे, "हीच ती. बोटांना लसणाचा वास आहे." ताटात असायचं काय? बाजार उठताना मिळालेला कोमेजला पाला, मूठभर डाळ, कालचा भात. पण त्या आवाजाने अंगण उजळून जायचं.

आई चुलीपाशी गुणगुणायची. तिला पाककृती अशाच ठाऊक होत्या, गाण्यात बांधलेल्या.

पान आधी शिजे बाई, देठाला लागे वेळ,
देठ टाक गं आधी, मग बसे दोघांचा मेळ.

आता आई नाही, वडील नाहीत, ते अंगणही दुसऱ्या कुणाचं झालं. राहिला तो कान. तिच्या घरात कुणी पहिला घास घेतला, की तिचा उजवा हात आपसूक थोडा पुढे यायचा. मग काही ऐकू यायचं नाही, आणि हात फडक्याला पुसला जाऊन परत मागे जायचा.

सासरी जेवताना कुणी बोलत नसे. म्हणजे पावसापाण्याबद्दल, शेजारच्या भांडणाबद्दल बोलत, अन्नाबद्दल नाही. हा नियम सासूबाईंचा. लग्न होऊन आली तेव्हा तिने त्यांना विचारलं होतं, "भाजी बरी झाली का हो?" सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "या घरात तसं विचारायचं नसतं गं. चांगली म्हटली तर पोरं पुन्हा मागतात, वाईट म्हटली तर टाकतात. आपल्याला दोन्ही परवडत नाही. ताटात आलं ते मुकाट्याने खायचं, आणि टाकायचं मात्र काही नाही." ओढगस्तीच्या वर्षांत त्यांनी तो नियम केला होता आणि पोरं मोठी झाली तरी तो घरातच राहिला, कोपऱ्यातल्या त्यांच्या जुन्या खुर्चीसारखा. सासूबाई गेल्या, नियम गेला नाही.

घरात आता माणसं दोन. ती आणि सासरे. नवरा जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला. निघताना उंबऱ्यात उभं राहून एवढंच म्हणाला होता, "बाबांना जप. आई गेल्यापासून त्यांचं जेवणाकडे लक्ष नाही." तिने मान हलवली होती. तिच्याकडे काय ठेवून जातोय तो, तर बाबांची भूक. तिने ती पदरात घेतली.

सासरे धारवाले. बाजाराच्या तोंडाशी एका जिन्याखाली त्यांचं सहाणेचं चाक होतं. पायाने दांडी दाबायची, चाक फिरायचं, सुरी टेकवली की ठिणग्यांची शेपटी उडायची. भाजीवाल्यांच्या सुऱ्या, शिंप्यांच्या कात्र्या, बेकरीतली लांब पात्याची पावसुरी, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. बोलणं फार कमी. भाजीवाल्या म्हणायच्या, "धारवाले बाबा शब्दालाही आधी सहाणेवर धरतात. घासता घासता तो संपून जातो." निम्म्या गिऱ्हाइकांकडून पैसे यायचेच नाहीत, माल यायचा. बीट घेताना गिऱ्हाईक पाला मोडून टाकून जातं, तो पाला यायचा. फ्लॉवरचे जाड देठ, कोबीची बाहेरची पानं, वाकडी गाजरं. बेकरीतून तडकलेली अंडी. ते पिशवी ओट्यावर ठेवायचे आणि काही न बोलता पाय धुवायला जायचे. पिशवी रिकामी करणं हा तिच्या दिवसातला सगळ्यांत सुखाचा वेळ. देठ एकीकडे, पानं एकीकडे. देठ सोलून बारीक चिरायचे. पाला झाकण न घालता शिजवायचा, नाहीतर काळा पडतो. तेही आईनेच शिकवलेलं.

उकळत्या भांड्याला बाई, नको घालूस झाकण,
पाल्याचा हिरवा रंग, त्याची करावी राखण.

कडधान्य आदल्या दिवशी भिजत घालायचं, उकळलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातच भात लावायचा. घरात सुरी अशी की कांदा रडवायचाही विसरायचा. पैशाची चणचण होती, पण तिच्या हाताला ती अडवू शकत नव्हती.

ती दिवसभर शर्टांना काज-बटणं करायची. खिडकीशी बसायची, मांडीवर शर्टांचा ढीग, दाताखाली दोरा. एके दिवशी सुईचं नेढं दिसेनासं झालं. मग खिडकी दिसेना. सासरे घरीच होते. तिला धरून दवाखान्यात घेऊन गेले.

नर्सने तिची खालची पापणी ओढून पाहिली. "ही बघा, भिंतीला चुना दिल्यासारखी पांढरीफटक. अंगात रक्त ठेवायचं असतं गं, कुणाला उसनं द्यायचं नसतं." मग बाकावर बसलेल्या सासऱ्यांकडे वळून म्हणाली, "महागडं काही सांगत नाही. पाला, कडधान्य, जमेल तेव्हा अंडं, वर लिंबू पिळायचं. सोपं आहे. फक्त ते तिच्या स्वतःच्या तोंडात गेलं पाहिजे, तेवढंच कठीण दिसतंय."

संध्याकाळी बेकरीतून रुमालात गुंडाळलेली अंडी सासऱ्यांनी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "तू खा."

"हो," ती म्हणाली.

सकाळी तिने अंडं उकडलं आणि त्यांच्या डब्यात ठेवलं. तिच्या मनात त्याबद्दल वादच नव्हता. चाक कोण फिरवतं? पाय कुणाचे दुखतात? आपण तर बसून असतो. बसल्या माणसाला काय लागतं. खालच्या कप्प्यात भात, मधल्यात बिटाच्या पाल्याची भाजी आणि वाल, वरच्यात अंडं आणि लिंबाची फोड. स्वतःसाठी पातेल्याच्या तळाशी राहिलेलं पाणी आणि पावाचा तुकडा.

"तू जेवलीस?" दारातून त्यांनी विचारलं.

"मी खाल्लं," ती म्हणाली.

संध्याकाळी डबा उघडला तर अंडं अर्धं परत आलं होतं. भाजीही अर्धी. वालही.

मनात काहीतरी खट्टू झालं. वय झालंय, जात नसेल, असं म्हणून तिने ते ओट्यापाशी उभ्यानेच खाल्लं. टाकायचं तर नव्हतंच. दुसऱ्या दिवशी तिने भाजीत लसूण जास्त घातला. अर्धी परत आली. मग लसूण कमी करून पाहिला. अर्धीच. अंडं आवडत नसेल म्हणून ते कुस्करून गाजराबरोबर परतलं. तेही डब्याच्या मधोमध आखल्यासारखं अर्धं उरलेलं. मग जास्त होत असेल म्हणून कमी द्यायला लागली. कमी दिलं तरी अर्धं, जास्त दिलं तरी अर्धं. म्हणजे भूक नाही असं नाही, असं तिने मनाशी ठरवलं; भूक नसती तर कधी पाऊण उरलं असतं, कधी पाव. हे तर ठरवून टाकल्यासारखं आहे. आपल्या हातचं त्यांना जात नाही. मन राखायचं म्हणून निम्मं खातात, आणि उरलेलं उष्टं होऊ नये म्हणून आधीच बाजूला करतात. अंड्याचा काप किती स्वच्छ असायचा; पिवळ्यावर सुरीची एक रेघ, बाकी दाताचा स्पर्श नाही. माणूस सभ्य, म्हणून नावडतं अन्नसुद्धा इतकं नीट परत पाठवतो.

रोज संध्याकाळी ती तो उरलेला घास खायची, आणि घासाबरोबर आणखीही काही गिळायची.

कधी कधी तिला वाटायचं, विचारावं. एकदा विचारायला तोंड उघडलंही. ते हात धुवत होते. "बाबा, आज भाजी..." एवढं म्हणाली आणि तिला सासूबाईंची खुर्ची दिसली.

"भाजीचं काय?"

"उद्या कोबी आणा जमला तर."

"बरं," ते म्हणाले.

नवऱ्याचा फोन बंदर लागलं की यायचा. शब्द समुद्रावरून यायला वेळ घ्यायचे. एकाने बोलायचं, मग थांबायचं, नाहीतर दोघांचे शब्द वाटेत एकमेकांवर आपटायचे.

"बाबांना माझं जेवण जात नाही हो."

थांबली. पलीकडे वारा.

"बाबा बोलले तसं?"

"बाबा कधी बोलतात?"

"मग झालं तर. आमच्या घरात बोलत नाहीत, तुला माहितेय. आणि तू? तू काय खातेस?"

"खाते की."

"काय ते विचारतोय."

"जे असेल ते." मग जरा थांबून तिने विचारलं, "कधी येणार?"

हे वाटेत त्याच्या कुठल्यातरी शब्दावर आपटलं असावं. तो म्हणाला, "इथे स्वयंपाकी आहे, सगळ्यांना विचारत फिरतो, कसं झालंय, कसं झालंय. मला हसू येतं." ती हसली नाही. त्या स्वयंपाक्याचा तिला हेवा वाटला. निदान तो विचारू शकत होता.

दिवस जात राहिले आणि एक विचित्र गोष्ट झाली. सुईचं नेढं पुन्हा दिसायला लागलं. जिना चढताना धाप लागेनाशी झाली. ओठांना रंग आला. ती दवाखान्यात गेली तर नर्सने पापणी ओढून बघितली, मग दुसऱ्या डोळ्याची बघितली, पहिली खोटं बोलत असेल म्हणून.

"अरे वा. काय खातेस?"

"उरलेलं."

नर्स मोठ्याने हसली. "असं उरलेलं सगळ्यांच्या घरी उरो बाई. चालू ठेव."

तीही हसली, आणि बाहेर आल्यावर तिला लाजच वाटली. आपण फुलतोय आणि म्हातारा वाळतोय. कारण सासऱ्यांची गत उलटी चालली होती. शर्टाची कॉलर मानेपासून सुटी झाली. पट्ट्याला त्यांनी स्वतःच खिळ्याने नवीन भोक पाडलं होतं. ती बाजारात गेली तेव्हा चाकाचा आवाज तिने लांबूनच ऐकला: थोडं फिरायचं, थांबायचं, मग पुन्हा. पूर्वी तो आवाज एका दमात सलग चालायचा. भाजीवाली म्हणाली, "सूनबाई, तुझ्या सासऱ्यांचं चाक हल्ली सुस्कारे टाकतंय." आणि मग गमतीने, "डबा मात्र झकास येतो हो तुमच्याकडून. झाकण उघडलं की आम्ही माना वळवतो."

तिला ते टोमण्यासारखं लागलं. वास झकास, आणि माणूस उपाशी.

त्या दिवशी तिने ठरवलं. पहाटे उठून पाला निवडणं, लसूण वाढवणं, कमी करणं, सगळं करून झालं होतं. आपल्या मानापमानापेक्षा त्यांचे प्राण मोठे. नवऱ्याला शब्द दिला होता तो जपण्याचा, आपल्याजवळच ठेवण्याचा नव्हे. नणंदेकडे ते चार घास तरी पोटभर खातील. लेकीच्या हातचं आहे. तिने नणंदेला फोन करून बोलावलं. "ताई, बाबांना थोडे दिवस तुमच्याकडे न्या." का, ते सांगितलं नाही. सांगायला लागली असती तर आवाज फुटला असता.

सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते कात्री पुसत होते. हात थांबला.

"बरं," म्हणाले.

मग कात्रीकडेच बघत, "चाक न्यायचं नाही ना?"

"नाही बाबा. तिकडे कशाला. तिकडे आराम करा."

"बरं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाकाला तेल दिलं, आणि गोणपाटात गुंडाळलं, मुलाला थंडीत गुंडाळतात तसं. आल्यावर घरातल्या सगळ्या सुऱ्या त्यांनी एकेक करून काढल्या आणि हातसहाणेवर लावून ठेवल्या. अंगठ्याच्या नखावर धार बघायची, फडक्यात गुंडाळायची, बाजूला ठेवायची. ती काज करत बघत होती. घरात फक्त पात्याचा सुर्र सुर्र आवाज. उद्यापासून हा आवाज नाही. संध्याकाळी ओट्यावर पिशवी नाही, बिटाचा पाला नाही, मोरीत पाय धुतल्याचं पाणी नाही. ती, शर्टांचा ढीग, आणि फोन कधी वाजेल याची वाट. तिला वाटलं, यांनी एकदा तरी म्हणावं, मला नाही जायचं. तिने सुईत दोरा ओवला. दोरा ओवला गेला, इतकं छान दिसत होतं आता.

नणंद सकाळी आली ती जिन्यापासूनच बोलत. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचं काम. रोज मोठाली पातेली ढवळून दंड पैलवानासारखे झालेले आणि आवाजही पातेल्याएवढा.

"कुठेयत आमचे बाबा? अगं आई गं, हे काय? वहिनी, यांची कॉलर बघ, आत अजून एक मान मावेल. काय उपास करताय की काय बाबा?" मग तिच्याकडे वळून, "आणि तू बरी टवटवीत दिसतेस. एकीकडचं पाणी दुसरीकडे वळवलंस वाटतं."

नणंदेच्या मनात काही नव्हतं. ती सगळ्यांनाच असं बोलायची. पण सुनेने मान खाली घातली.

"बसा ताई. जेवून निघा."

शेवटचं म्हणून तिने माहेरचा पदार्थ केला होता. त्याला नाव नव्हतं. आई ज्या दिवशी काहीच नसेल त्या दिवशी करायची: रात्रभर भिजलेले वाल, बिटाचे देठ आधी, पाला मागून, वर लसणाची फोडणी, उतरवल्यावर लिंबू. त्यावर वडील सगळ्यांत मोठ्याने ओरडायचे. सोबत भात, पाव आणि प्रत्येकी एक उकडलेलं अंडं. तिने दोन ताटं वाढली. बापलेक बसले. ती ओट्याला टेकून उभी राहिली, हात फडक्यात गुंडाळून.

सासऱ्यांनी खिशातून छोटी सुरी काढली. अंडं ताटात मधोमध ठेवलं आणि कापलं. एक रेघ. मग अर्धं उचलून ताटाच्या काठाला सरकवलं. मग चमच्याने वालांमध्ये रेघ ओढली; हे इकडे, ते तिकडे. मग त्यांचा हात ताटाच्या डावीकडे चाचपडला. रोज जिन्याखाली जेवताना डब्याचं झाकण तिथे असायचं. आज नव्हतं. हात तसाच राहिला.

नणंद घास चावायची थांबली.

"बाबा, ही वाटणी कुणाची?"

त्यांनी सुरी पुसून खिशात ठेवली.

"अंडं ठेवताय? तुम्ही?" ती हसायला लागली. "वहिनी, तुला माहितेय, मी लहान असताना हा माणूस माझ्या ताटातलं अंडं पळवायचा. मी नळावर पाणी प्यायला गेले की अर्धं गायब. आई ओरडायची, लाज नाही वाटत, पोरीच्या तोंडचं काढता. आणि आज काठाला सरकवतायत बघ. चमत्कार झाला."

"ताई," सून हळू म्हणाली, "त्यांना माझ्या हातचं जात नाही."

"काय?"

"रोज अर्धं परत येतं. सगळं करून बघितलं मी. म्हणून तुम्हाला बोलावलं. तुमच्याकडे तरी नीट जेवतील."

सासऱ्यांनी मान वर केली. धार बघताना करतात तसे डोळे बारीक करून त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"म्हणून पाठवतेस?"

तिने मान हलवली.

"मला वाटलं," ते म्हणाले आणि थांबले. पाण्याचा घोट घेतला. "मला वाटलं, तुला जड झालो. तुझं बरोबरच होतं. तरुण पोर, नवरा लांब, आणि घरात एक मुका म्हातारा."

"बाबा, काहीतरीच."

"तू 'खाल्लं' म्हणायचीस," ते म्हणाले. एवढं लांब बोलायची सवय नव्हती. एक वाक्य झालं की ते पाय दांडीवरून काढल्यासारखे थांबायचे. "सकाळी मी निघताना मांडणीवर ओली ताटली एकच असायची. माझी. तुझी कोरडी. रोज कोरडी. नर्स तर ओरडून सांगत होती. तुला सांगितलं, खा. तू हो म्हणालीस आणि माझ्या डब्यात घातलंस. पुन्हा सांगितलं असतं तर पुन्हा हो म्हणाली असतीस." त्यांनी काठावरच्या अर्ध्या अंड्याकडे बघितलं. "पण टाकणार नाहीस, एवढं ठाऊक होतं. या घरात कुणी टाकत नाही. म्हणून आधी कापून ठेवायचो. उष्टं नको तुला."

नणंदेच्या हातातला पाव तसाच हवेत होता.

सुनेच्या डोळ्यांपुढे डबे आले, एकामागून एक. लसूण जास्त घातलेले, कमी घातलेले. ती स्वच्छ रेघ. तिने कमी दिलं तेव्हा त्या कमीचंही अर्धं. ती उभ्याने, रागाने, अपमानाने खात होती तो एकेक घास कुणीतरी आपल्या भुकेतून कापून तिला पाठवत होतं, आणि ती त्यात मीठ कमी आहे का ते चाखून बघत होती.

"मग कसं लागायचं?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला. सासूबाईंच्या घरात तिने पुन्हा तो प्रश्न विचारला होता. "बाबा, मला एवढंच सांगा. कसं व्हायचं?"

त्यांचं बोट ताटाच्या काठावरून फिरत राहिलं. एवढ्या वर्षांचा नियम होता. ताटातलं सगळं निवत चाललं होतं.

"चांगलं," ते म्हणाले.

मग जणू चाकाला एकदा गती मिळाली.

"चांगलं व्हायचं. रोज. झाकण उघडलं की जिन्याखाली वास भरायचा. अर्धं बाजूला काढताना सुरी पुढे जायची नाही. पहिले काही दिवस तर मी आधी सुरी चालवायचो आणि मग डोळे उघडायचो. हे आजचं," त्यांनी वालांकडे बघितलं, "हे तर फार चांगलं झालंय." आणि सासूबाईंच्या खुर्चीकडे बघत, "तिलाही कधी म्हटलं नाही. तीही चांगलं करायची. तिने विचारलं नाही, मी म्हटलं नाही."

नणंदेने पावाचा तुकडा ताटात ठेवला आणि मनगटाने नाक पुसलं. "बाबा, तुम्ही म्हणजे धन्य आहात. माझ्या ताटातलं पळवलंत ते आता फेडताय होय?" मग उठून तिने कोपऱ्यातली, कपडे भरून ठेवलेली पिशवी उचलली, आतला शर्ट काढला आणि खुंटीला अडकवला. एक झाला, दुसरा काढला. "मी काही यांना नेत नाही बाई. मला नाही झेपायचे. माझ्याकडे आल्यावर माझ्याही डब्यात अर्धं पाठवतील, आणि माझे दंड बघ, मला आणखी कशाला."

सासरे हसले. अगदी थोडं. तिने त्यांना हसताना फार दिवसांनी पाहिलं.

"आणि तू काय उभी राहिलीस तिथे खांबासारखी?" नणंद शर्ट झटकत म्हणाली. "जेवलीस का तू?"

जिभेवर आलंच ते. इतक्या दिवसांची सवय. प्रश्न आला की उत्तर आपसूक घरंगळत यायचं, दोन शब्द, मऊ, गुळगुळीत. सासरे तिच्याकडे बघत होते. मांडणीवर तिची ताटली उभी होती, कोरडी. तिने फडक्यातून हात काढला, पुढे केला, आणि ती ताटली खाली घेतली.

"नाही," ती म्हणाली. "मी जेवले नाही. मी रोजच जेवत नव्हते, बाबा. मला भूक लागलीय."